लुकमा

सिटी चौकातल्या हॉटेलात मी बशीत चहा ओतला आणि गल्ल्यामागच्या टेपमधून गयासचा आवाज सुरू झाला. पहिल्या आयतीलाच मी ओळखलं, कारण तिलावतीची, म्हणजे कुराणपठणाची, ती कॅसेट मीच भरली होती. मदरशाच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून, पंखा बंद करून, भर दुपारी घामानं निथळत. रमजानला आठ दिवस उरले होते आणि सकाळच्या वेळी हॉटेलवाले गाण्यांऐवजी तिलावत लावू लागले होते. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी कप खाली ठेवले. एकानं डोळे मिटले आणि म्हणाला, "क्या आवाज है. कौन है ये?" हॉटेलवाल्यानं पोरगा आपल्याच घरचा असल्यासारखं सांगितलं, "बुढ्ढी लेन का लडका है. हाफिज गयास." मग तिसऱ्या आणि चौथ्या आयतीच्या मधे, गयास श्वास घ्यायला थांबतो तिथं, टेपमध्ये कुणीतरी खाकरलं. त्या माणसानं डोळे उघडले. "ये कौन खंखारा बीच में? पूरा मजा खराब किया." सगळे हसले, मीही हसलो. खाकरणारा मी होतो. साठ मिनिटांच्या त्या कॅसेटमध्ये माझं म्हणून जे काही होतं ते एवढंच.

मला गयासचा मत्सर वाटत होता. आज हे सरळ लिहितो आहे. तेव्हा मी त्याला निरनिराळी नावं द्यायचो. कधी म्हणायचो, त्याला गर्व होऊ नये म्हणून मी कमी बोलतो. कधी म्हणायचो, आवाज काय, कोकिळेलाही असतो, हाफिजाला कुराणाचं पाठांतर पक्कं हवं. पण हॉटेलातून बाहेर पडून शहागंजच्या दिशेनं चालताना पोटात जे दुखत होतं त्याला दुसरं नाव नव्हतं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती, आणि मी मनात त्या कॅसेटमधलं खाकरणं पुन्हा पुन्हा ऐकत होतो. भरताना ते मला ऐकू कसं आलं नाही? कानाला हेडफोन होता. मग कळलं की ऐकू आलं होतं, पण त्या वेळी मी गयासच्या आवाजात इतका बुडालो होतो की स्वतःचा आवाज मला परका वाटला. याचा तर मला जास्तच राग आला.

मी वैजापूरचा. अब्बा कांद्याच्या आडतीवर तोलाई करायचे. घरात लाकडी पेटीचा एक रेडिओ होता आणि सात वर्षांचा असताना मी संध्याकाळच्या मराठी बातम्या एकदा ऐकून जशाच्या तशा म्हणून दाखवायचो, निवेदकाच्या आवाजात, मधल्या खरखरीसकट. आडतीवरची माणसं जमायची. कुणीतरी अब्बांना म्हणालं, अहो, याचं डोकं वाया घालवू नका, हाफिज करा याला. म्हणजे माझ्या दीनी तालमीची, धर्माच्या शिक्षणाची, सुरुवात आकाशवाणीच्या बातम्यांतून झाली, ही गोष्ट मी उस्तादांना कधी सांगितली नाही. त्याच सुमारास, आतला माणूस बोलतो कसा ते बघायला मी त्या रेडिओची मागची फळी उघडली आणि अब्बांच्या हातचा मार खाल्ला. दोन्ही नाद मला एकाच पेटीतून लागले. अम्मी म्हणायची, एक नाद अल्लाचा आहे आणि एक सैतानाचा. कोणता कोणाचा ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होतो. त्यामुळे औरंगाबादच्या मदरशात आलो तेव्हा माझ्याकडे एकच क होता. अरबीत दोन लागतात. एक आपला साधा, आणि एक घशाच्या तळातून काढायचा. गयास या शहरातला, आणि अख्खं शहर त्या दुसऱ्या क चा ख करतं. कलमला खलम म्हणतं, कबरीला खबर म्हणतं. म्हणजे तोही चुकतच होता. उस्तादांनी आम्हा दोघांच्या घशाला बोट लावून जागा दाखवली. गयासचा ख आठ दिवसांत गेला. माझा क घशात उतरायला चार महिने लागले. मी हौदावर कपडे धुताना घशातून आवाज काढत बसायचो आणि पोरं विचारायची, उलटी होतीय का रे. गयासचे आजोबा निजामाच्या कचेरीत मुन्शी होते. पोलिस ॲक्शननंतर कचेरी गेली, नोकरी गेली, पण घरातली भाषा काही कुणी जप्त केली नाही. ती त्याला आयती मिळाली. तो पहाटेच्या नमाजनंतर पुन्हा झोपायचा. मी त्या वेळात कुराणाच्या तीस पाऱ्यांतले दोन फिरवायचो. आणि उस्तादांसमोर बसलो की त्याचं ऐकताना उस्ताद डोलायचे, माझं ऐकताना सुपारी कातरायचे. चुका माझ्या कमी असायच्या. पण चूक नसणं ही काही डोलण्यासारखी गोष्ट नाही, हे मला तेव्हा समजत नव्हतं. आता समजतं, तरी पटत नाही.

माझी म्हणावी अशी एकच जागा होती, शहागंजमधलं कडूबा मिस्तरींचं दुकान. मिस्तरी बिडकीनचे, पन्नाशीचे, नाकावर चष्मा, समोर फोडलेले रेडिओ आणि टेप. जुम्म्याला सुट्टी असायची, तेव्हा मी तिथं बसून कथिल वितळवून तारांना डाग द्यायला शिकलो, टेपचं हेड स्पिरिटनं पुसायला शिकलो, फितीला पीळ पडला तर पेन्सिल घालून सोडवायला शिकलो. उस्तादांना हे फारसं आवडत नसे. टेपवर तिलावत ऐकणाऱ्यांना ते म्हणायचे, "मशीन को वजू नहीं होता." म्हणजे नमाजआधीची हातपाय धुऊन होणारी शुद्धी यंत्राला नसते. पण जुन्या बाजारातल्या मशिदीचा ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागला की मलाच पाठवायचे. मी अर्थिंग बदललं, गुणगुण गेली, आणि मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्लीसाब म्हणाले, "अब गयास मियाँ की आवाज और खुलेगी." बघा, दुरुस्ती माझी आणि खुलणार कोण. एकदा गयास माझ्याबरोबर दुकानात आला. सहज हातात इस्त्री घेतली, म्हणजे डाग द्यायची, आणि पहिल्याच फटक्यात असा डाग दिला, गोल, चकचकीत, की मिस्तरी चष्म्यावरून बघत म्हणाले, "हात चांगला हाय पोराचा." तो हसला आणि इस्त्री ठेवून दिली. त्याला त्यात काही रस नव्हता. मला वाटलं, ठेवून द्यायचीच होती तर उचलली कशाला? त्यानंतर मी त्याला कधी दुकानावर नेलं नाही.

हॉटेलातून मदरशात आलो तर मुतवल्लीसाब उस्तादांपाशी बसलेले. निर्णय झाला होता. जुन्या बाजारातल्या मशिदीत यंदा तरावीह गयास पढवणार. रमजानमध्ये रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर वीस रकात, म्हणजे नमाजची वीस आवर्तनं, सुरुवातीला रोज सव्वा पारा, असं महिनाभरात अख्खं कुराण उभ्यानं ऐकवायचं. हाफिजाच्या आयुष्यातली ही पहिली मोठी परीक्षा. आणि उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "मुबारक सामे रहेगा." मुबारक मी, आणि सामे म्हणजे ऐकणारा. तो इमामाच्या बरोबर मागं उभा राहतो, पहिल्या रांगेत, आणि इमाम अडला किंवा चुकला तर मागून तो शब्द पुरवतो. त्या शब्द पुरवण्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. मी गयासला घास भरवायचा. उस्तादांनी विश्वासानं काम दिलं होतं, "इसका याद पक्का है" असंही म्हणाले होते, पण मला ऐकू आलं ते एवढंच की महिनाभर लोक त्याला ऐकणार आणि मीही त्यालाच ऐकणार.

रमजानपर्यंतचे आठ दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून दौर करायचो. तो म्हणायचा, मी ऐकायचो, मग उलट. पहिल्याच पाऱ्यात एक जागा आहे. त्या दिवसाचं भय बाळगा, जेव्हा कुणी कुणाच्या कामी येणार नाही, कुणाची शिफारस कबूल होणार नाही आणि कुणाकडून मोबदला घेतला जाणार नाही. शिफारस म्हणजे शफाअत, मोबदला म्हणजे अदल. पुढं त्याच पाऱ्यात जवळजवळ हीच आयत पुन्हा येते, पण तिथं अदल आधी आणि शफाअत नंतर. कुराण पाठ करणारा प्रत्येक पोरगा इथं घसरतो. उस्तादांनी खूण सांगितली होती: अलिफ-बेमध्ये शीन आधी येतो आणि ऐन नंतर, म्हणून पहिल्या जागी शीनची शफाअत आधी. मला ती खूण पाठ होती. गयासला खुणा लक्षात राहत नसत. तो चालीवर जायचा, आणि पाचातून तीनदा पहिल्या जागी अदल आधी म्हणून टाकायचा. मी टोकलं की कपाळावर हात मारून हसायचा. "यार, ये जगह मेरी जान लेगी. तू पीछे है ना, बस." मी पीछे होतो. आणि मला ती जागा हवीहवीशी वाटू लागली होती. चालताना, जेवताना, वजू करताना मी ती चूक मनात ऐकायचो: त्याचा तो मोकळा आवाज येतो आहे, येतो आहे, आणि अदलवर घसरतो, आणि मागून माझा शब्द, स्वच्छ, घशाच्या बरोबर जागेवरून, आणि सगळ्या मशिदीला कळतं की मागं कोणीतरी उभं आहे. दिवसातून किती वेळा म्हणून सांगू. मी त्याला पाण्यात पाहत होतो आणि त्याचं पाठांतर पक्कं करतो आहे असं स्वतःला बजावत होतो.

चाँद दिसला. इशाला मशीद भरली, अंगणात चटया टाकाव्या लागल्या. माइक मीच बसवला. गयासच्या छातीपासून वीतभर, म्हणजे श्वासाचा फुरफुराट येणार नाही. मुतवल्लीसाबांचा मुलगा जेद्दाला होता, त्याला पाठवायला कॅसेट भरायची होती. टेप खांबाशी ठेवून मी बटण दाबलं आणि गयासच्या मागं उभा राहिलो. त्याच्या कुडत्याला मानेपाशी घामाचा ओला पट्टा होता. मला बरं वाटलं, की घाबरलाय. पण आवाज लागला आणि तो पट्टा मी विसरलो. पंखे फिरत होते, माणसं हलत नव्हती. पाचव्या रकातीत ती जागा जवळ येऊ लागली. दोन आयती आधीच माझी जीभ टाळूला लागून तयार झाली. तो त्या शब्दापाशी आला, काहीतरी म्हणाला, आणि माझ्या मनात आठ दिवस जे वाजत होतं ते हे नव्हतं, एवढंच मला कळलं. माझ्या तोंडून शब्द गेला: अदल. मोठ्यानं. माइक इतका चांगला लागला होता की तो अंगणातल्या भोंग्यातूनही ऐकू आला. गयास थांबला. एक श्वास. मग आयतीत मागं जाऊन त्यानं माझा घास उचलला, अदल आधी घेतलं, आणि पुढं गेला. रांगेत कुणीतरी हलकेच "सुब्हानल्ला" म्हणालं. ते माझ्यासाठी होतं. मी सांगू शकत नाही मला किती सुख झालं. मग पंधराव्या का सोळाव्या रकातीत दुसरी जागा आली आणि तिथंही त्यानं अदल आधी घेतलं, न अडखळता, आणि ते बरोबर होतं. दोन्ही जागा सारख्या असूच शकत नाहीत. पण रुकू आला, मी वाकलो, आणि वाकल्यावर माणसाला विचार न करण्याची सवलत मिळते.

नमाज संपल्यावर गयासनं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गार होते. "तू नहीं रहता तो आज मेरी इज्जत गई थी." लोकांनी दोन्ही हात मिळवून त्याच्याशी मुसाफा केला आणि मग माझ्याशीही केला. एक म्हातारे म्हणाले, "सामे हो तो ऐसा." मी कॅसेट काढून खिशात घातली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शहागंजात जाऊन उभा राहिलो. मिस्तरी आले, कुलूप काढलं, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय हाफिज, रोजा लई कडक लागला दिसतोय." मी टेप लावला. फीत पुढं नेली, मागं नेली. गयासचा आवाज आला आणि त्यानं म्हटलं: शफाअत. अगदी स्वच्छ. बरोबर. त्याच्यावर माझा आवाज: अदल. मग ती शांतता, जी मशिदीत एका श्वासाएवढी वाटली होती आणि टेपवर फार लांब होती. त्या शांततेत त्याला वाटलं असणार की आपण चुकलो, ही जागा आपली कच्चीच आहे, मुबारक मागं आहे, मुबारकचं पक्कं असतं. आणि त्यानं बरोबर सोडून माझं चुकीचं घेतलं. मी पुन्हा ऐकलं. खूण माझी, शीन आधी, ऐन नंतर. आठ दिवस मी आयत घोकतच नव्हतो, त्याची चूक घोकत होतो. आणि जे घोकाल ते पाठ होतं, आमच्या शिक्षणाचा पायाच तो आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनानं चिंतलं होतं त्याच्यासाठी, आणि आलं माझ्या तोंडून.

मिस्तरी डाग देता देता म्हणाले, "हे मधीच दुसरं कोण बोललं?"

"मी."

"कामून?"

"तो चुकला होता."

"अस्सं." त्यांना अरबी येत नव्हतं. जगात ज्याला हे खोटं पकडता येणार नाही अशा माणसाशी मी खोटं बोललो, आणि रोजा ठेवून बोललो. मग मी फीत मागं नेली, लाल बटण दाबलं आणि दहापर्यंत मोजलं. तेवढ्या जागेवर आता नुसती सूं होती. मिस्तरींनी मान वर केली. "आरं, पुसलंस व्हय? घडलं ते धरून ठेवायचं, तेवढंच तर काम हाय त्या डब्याचं." माझी चूक पुसताना त्याचं बरोबरही पुसलं गेलं. हे मला लगेच कळलं, आणि वाईट वाटायच्या आधी थोडं बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

उपाय सोपा होता. काल वाचताना एखादी आयत चुकली किंवा सुटली असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या रकातीत ती आधी वाचून घेतात, मग पुढचा सव्वा पारा. तसं झालं नाही तर महिन्याअखेरचा खत्म, म्हणजे कुराणाची पूर्तता, अपुरा राहतो. सत्ताविसाव्या रात्री मिठाई वाटली जाते, हार घातले जातात, आणि कुराण एका आयतीनं उणं. दोनशे माणसांचा महिनाभर उभं राहण्याचा सवाब, सगळं पुण्य, माझ्या एका शब्दानं लंगडा. मी फक्त गयासला सांगायचं होतं. दुपारी जोहरनंतर सांगणार होतो, तर तो झोपला होता. दिवस कलताना असरला सांगणार होतो, तर त्याच्याभोवती माणसं होती. इफ्तारला आम्ही एकाच दस्तरखानावर बसलो. त्यानं माझ्यापुढं खजूर सरकवला, "पानी ले" म्हणाला. मी म्हणालो, "गयास." तो म्हणाला, "हौ?" मी म्हणालो, "माइक आज जरा खाली घेतो." तो म्हणाला, "ले."

इशानंतर आम्ही उभे राहिलो. सुरुवातीची फातेहा झाली. पुढं जिथून सुरू व्हायचं ती आयत माझ्या जिभेवर तयार होती. गयास थोडा थांबला आणि त्यानं ती आयत घेतली. कालची. त्या दिवसाचं भय बाळगा, जेव्हा कुणी कुणाच्या कामी येणार नाही. शफाअत आधी, अदल नंतर, सावकाश, एकेक अक्षर जागेवरून. मग आजचं सुरू केलं. म्हणजे त्यानं दिवसा कधीतरी कुराण उघडून पाहिलं होतं. त्याला माहीत होतं. इफ्तारला माहीत होतं, खजूर सरकवताना माहीत होतं, कदाचित मी हाक मारली तेव्हा मी काय सांगणार आहे हेही. आणि त्यानं मला विचारलं नव्हतं, उस्तादांकडे गेला नव्हता, नुसती चूक भरून काढली होती, माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण तिच्याही आधी जुनं दुखणं आलं: हेही यालाच जमलं. आवाज याचा, भाषा याची, हात चांगला याचा, आणि आता मनही याचंच मोठं. उरलेल्या रकाती मी लक्ष देऊन ऐकल्या. तो एकदाही चुकला नाही. एका जागी अडेल असं वाटलं आणि माझी जीभ हललीच नाही, भीतीनं. तो आपला आपण सावरला.

नमाज संपवणारा सलाम फिरवल्यावर मुतवल्लीसाबांनी विचारलं, जोरात, सगळ्यांसमोर, "क्या हाफिजसाब, कल की आयत आज फिर से?"

गयास म्हणाला, "हौ. कल मैं गलत पढ़ गया था. मुबारक ने टोका था, मेरे समझ में नहीं आया."

मी माइकची वायर गुंडाळत होतो. ती मी खाली ठेवली. मी उर्दूत बोलायचं ठरवलं आणि तोंडातून वैजापूर आलं. "नाय. त्यानं बरोबर वाचलं होतं. चुकीचा लुकमा मी दिला. चूक माझी हाय."

मग मुतवल्लीसाब हसले, मोठ्यानं, मनापासून, आणि बाकीच्यांकडे वळले. "देखो, इसको बोलते दोस्ती. वो बोलता मेरी गलती, ये बोलता मेरी. आजकल के बच्चों में कहाँ मिलता ऐसा." ते म्हातारे उठून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मागून कुणीतरी "माशाल्ला" म्हणालं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती, ज्या नजरेनं ती गयासकडे बघायची त्याच नजरेनं. हसत नव्हता तो फक्त गयास. तो माझ्याकडे बघत थांबला होता. मी तेच पुन्हा एकदा, उर्दूत, खणखणीत सांगतो का, एवढ्यासाठी. एक वाक्य पुरलं असतं.

म्हाताऱ्यांचा हात पाठीवर होता. मी मान खाली घातली, विनयानं घालतात तशी.